फिलिपकाका आणि साधा 'सी'

फिलिपकाकांना गिटारवर साधा 'सी' वाजवता येत नाही. गिटार विकत घेतलेल्या कुठल्याही माणसाला तिसऱ्या दिवशी येतो तो हा कॉर्ड. तीन बोटं तीन तारांवर ठेवायची, उजवा हात फिरवायचा, संपलं. पण काकांची तीन बोटं जागेवर बसली की चौथ्याला करमत नाही. ते जरा थरथरतं, मग हळूच सरकतं आणि जिथं त्याचं काही काम नाही अशा तारेवर जाऊन बसतं. काका डोळे मिटतात, मान तिरकी करतात आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारतात, "ऐकला का? नववा घातला."

समोर बहुतेक वेळा मीच असतो. मी भिंगारला शाळेत मास्तर आहे आणि आमच्या चर्चमध्ये गेली बावीस वर्षं पेटी वाजवतो. गाणाऱ्या मंडळींना सांभाळायचं कामही माझ्याकडेच आहे. माझ्या कानांचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. एस.टी.चा हॉर्न कुठल्या पट्टीत वाजला हे मी सांगू शकतो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. असा माणूस बावीस वर्षं फिलिपकाकांच्या शेजारी बसून त्यांची गिटार ऐकतोय, यावरून माझ्या सहनशक्तीची कल्पना यावी.

आता हा नववा काय प्रकार आहे ते पेटीवाल्याच्या भाषेत सांगतो. सा, ग आणि प हे तीन सूर एकत्र वाजवले की कान तृप्त होतात. देवाने सोय एवढीच केली होती. पण सापासून मोजत वर निघालं की आठवा पुन्हा सा येतो आणि त्याच्या डोक्यावरचा रे म्हणजे नववा. हा रे त्या तिघांत मिसळला की सगळा मामला अर्धवट शिजलेल्या भातासारखा लागतो. काका त्याला 'रंग' म्हणतात. "नुसता सी म्हंजी बिनफोडनीचं वरन बाळा. पोट भरतं, पन जीभ इचारती, झालं व्हय?"

काका लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कारकून होते. कांबळी, पत्र्याचे मग आणि खाटा यांच्या नोंदी ठेवण्यात त्यांची नोकरी गेली. तिथल्या मेसच्या बँडमध्ये एक गोवेकर मास्तर होते, त्यांच्याकडून तरुणपणी काका जॅझ शिकले. आमच्या भिंगारमध्ये जॅझ शिकलेला माणूस त्यांच्याआधी झाला नाही आणि त्यांच्याकडे पाहून पुढेही कुणाची हिंमत झाली नाही. लोक त्यांना जॅझकाका म्हणतात. उंच, हडकुळे, पँट बरगड्यांपर्यंत ओढलेली. दर शनिवारी ते पायरीवर बसून डाव्या हाताची नखं कापतात आणि उजव्या हाताची तशीच ठेवतात. गल्लीला त्यावरून कळतं की उद्या रविवार आहे आणि उद्या आपलं काही खरं नाही.

नववा तरी परवडला. गेल्या पाच-सहा वर्षांत काकांनी त्याहून मोठा उपद्रव सुरू केला, तो म्हणजे कॉर्डची अदलाबदल. गाण्यात जिथं 'जी' यायला पाहिजे तिथं ते 'जी' वाजवतच नाहीत. भलतीकडून, ज्याचा त्या गाण्याशी सुतराम संबंध नाही असा कॉर्ड आणून बसवतात. मी एकदा चिडून कारण विचारलं, तर म्हणाले, "लग्नात नवरीच्या पाठीमागं मामा हुबा ऱ्हातो ना? मामा आला न्हाई तर मावसा हुबा करत्यात. लगीन अडतं का?"

"काका, मावसा ओळखीचा तरी असतो. तुम्ही कुणाला उभं करता?"

"लांबचा पाव्हना हाय. पन आतनं नातं हाय. 'जी'मधले दोन सूर ह्याच्या बी पोटात हायेत. बाकीचे त्याचे सोताचे."

त्या बाकीच्यांनीच घात होतो. माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला काकांनी हौसेने गिटार आणली. पोरं केकभोवती जमली, टाळ्या सुरू झाल्या, आणि काकांनी वाढदिवसाच्या त्या बापड्या गाण्याखाली आपले पाहुणे एकेक करून उभे केले. दुसऱ्या ओळीपर्यंत टाळ्या थांबल्या. तिसऱ्या ओळीला माझ्या मुलीने सुरी खाली ठेवून भोकाड पसरलं. शेजारच्या घरातल्या बाई काय झालं म्हणून पदर खोचून धावत आल्या. काका डोळे मिटून वाजवतच होते, त्यांना वाटलं पोरगी भारावली.

एकदा त्यांच्या मेहुण्याला म्हैस घ्यायची होती. घोडेगावच्या बाजारात तो सोबत म्हणून काकांना घेऊन गेला, ही त्याची चूक. बाजारात माणसं म्हशीचे दात बघतात, कास बघतात, चालवून बघतात. काका दावणीपाशी उभे राहून म्हशी ऐकत होते. दोन तास ऐकल्यावर त्यांनी एका म्हशीकडे बोट केलं. "ही घे. हिच्या वरडन्यात सातवा हाय. असं जनावर पुन्हा घावायचं न्हाई." मेहुण्याने घेतली. ती म्हैस सातव्यात ओरडायची आणि कुणी धार काढायला बसला की त्याला लाथेने उडवायची. मेहुणा पुढे दोन वर्षं काकांशी बोलला नाही. "त्याला कानच न्हाई," असं काका अजूनही खेदाने सांगतात.

शिकवण्याही त्यांनी करून पाहिल्या. एक एस.टी. कंडक्टर मोठ्या उमेदीने त्यांच्याकडे जायला लागला. आठ महिन्यांनी मी त्याला म्हटलं, वाजव एखादं गाणं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "सर, गानं न्हाई येत. पन एकच कॉर्ड अकरा जागी धरता येतो." त्याने पुढे गिटार विकून टाकली आणि आता तो व्हॉलीबॉल खेळतो.

हे सगळं आम्ही मुकाट सोसतो, पण काकांना खऱ्या अर्थाने कुणी झापत असेल तर त्या राहेलकाकू. त्यांच्या पत्नी. ठेंगणा बांधा, खणखणीत आवाज. हिवरे बाजारच्या बाजूच्या शेतकरी घरातली मुलगी, लग्न होऊन भिंगारला आली आणि पहिल्याच महिन्यात चर्चच्या गाणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिली. अजून पुढच्याच रांगेत असतात. गाण्याचं एवढं वेड मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. ताप असला तरी येतात, पाऊस असला तरी येतात, तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालतात. आणि नवऱ्याच्या वादनावर त्यांचं मत माझ्यापेक्षाही वाईट आहे. "वाटलं गिटारवाला नवरा गावला, गानी ऐकवील," त्या चारचौघांत सांगतात. "एक गानं सरळ पुरं केलं असंल तर शपथ. सगळ्या गान्याची घान करून ठिवतंय हे मानूस!" काका मान खाली घालून गिटारच्या खुंट्या पिळत बसतात.

हे सगळं असंच चाललं असतं, पण गेल्या ईस्टरला काकांनी कळस केला. मोठ्या उपासनेचं शेवटचं गाणं होतं. गाणं संपलं की लोक बसतात, यात शिकवण्यासारखं काही नाही. पण काकांनी शेवटी असा काही कॉर्ड वाजवला की गाणं संपलंय असं कुणाला वाटेचना. अख्खी मंडळी उभीच राहिली. मी पेटी बंद केली, तरी उभी. पाळकसाहेबांनी 'बसा' म्हणून दोन्ही हातांनी खूण केली, ती लोकांना आशीर्वादाची वाटली आणि सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. आता डोळेच मिटल्यावर पुढच्या खुणा बघणार कोण? म्हातारी माणसं गुडघे धरून उभी, पाळकसाहेब हात वर करून उभे. शेवटी चर्चच्या सेक्रेटरींनी "बसून घ्या!" असं ओरडून सांगितलं तेव्हा लोक दचकून बसले.

मग कमिटीची बैठक झाली. पुण्याला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने चर्चला कीबोर्ड भेट दिला होता, तो खोक्यासकट आतल्या खोलीत पडून होता. सेक्रेटरींचं म्हणणं, त्यात ढीगभर ताल आहेत, बटण दाबलं की वाजतो आणि बटण दाबलं की थांबतो, जे फिलिपकाका करत नाहीत. ठरलं असं की उपकारस्तुतीच्या सणाला बिशपसाहेब येणार आहेत, त्या दिवशी काकांना शेवटची संधी द्यायची. साधं वाजवलं तर गिटार राहील. एक जरी वाकडा कॉर्ड आला तर गिटार कायमची बंद आणि तिच्या जागी कीबोर्ड. निरोप सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मी आनंदाने गेलो.

दुपारची वेळ होती. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. "आलास व्हय अरुण? आत बसलंय बघ तुजं ध्यान. सकाळधरनं एकच तार घासतंय."

काका आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. चार गाणी, तीन कॉर्ड, सी, एफ आणि जी. नववा नाही, पाहुणे नाहीत, एकही बोट इकडचं तिकडं नाही. मला वाटलं, आता वरण निघेल, मामा निघेल, गोवेकर मास्तर निघतील. पण काकांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "राहेल कुठं हुबी ऱ्हानार?"

"नेहमीच्या जागी. पुढे."

"जरा मागं हुबी कर की."

"काका, इतकी वर्षं त्या पुढे उभ्या राहतात."

"मग त्यो नवा माईक आनलाय म्हनं. त्यो तरी तिच्या म्होरं ठिवू नको."

मला हसू आलं आणि रागही आला. वाजवायला बंदी यांना आणि सूड बायकोवर! बाई चारचौघांत बोलते म्हणून तिला मागे लोटायचं, तिचा आवाज लोकांना ऐकू येऊ नये म्हणून खटपट करायची. मी स्पष्ट सांगितलं, माईक ठरलाय तिथंच राहील आणि काकूही ठरलंय तिथंच राहतील.

काकांनी गिटारवरून हात फिरवला. "शेवटच्या वळीला तरी नववा घालू?"

"नाही."

"बरं. दिला शबूद," काका म्हणाले. "गिटार काढू नका म्हंजी झालं. चर्चमधनं गिटार गेली तर आमचं लई अवघड हुईल."

मी मनात म्हटलं, तुमचं होईल, आमचं सोपं होईल.

उपकारस्तुतीचा सण म्हणजे आमच्याकडे शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायचा दिवस. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, वांग्यांची पाटी, अंड्यांची दुरडी, पाय बांधलेल्या चार कोंबड्या. आसपासच्या खेड्यांतली शेतकरी कुटुंबं सकाळीच येऊन बसली होती. बिशपसाहेब खुर्चीत. पाळकसाहेबांचं लक्ष काकांच्या बोटांवर. बायकांच्या रांगेपुढे नवा माईक, आणि त्याच्या बरोबर समोर राहेलकाकू, नवी साडी नेसून, पुस्तक छातीशी धरून.

पहिलं गाणं चार कडव्यांचं होतं. काकांनी सी वाजवला. निव्वळ सी! चौथं बोट शहाण्या मुलासारखं बाजूला बसलेलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कानाला ऊन पाण्याने आंघोळ घातल्यासारखं वाटलं. गाणं कसं सरळ रस्त्याने निघालं, आणि पहिल्या ओळीच्या शेवटी सगळे सा वर उतरले.

सगळे म्हणजे एक सोडून. एक सूर वर राहिला होता. सगळी माणसं जिना उतरून अंगणात यावीत आणि एकच जण शेवटच्या पायरीवर उभं राहावं, तसा. मला आधी माझ्या पेटीचा संशय आला. पट्टी अडकली असेल म्हणून मी डाव्या हाताने चाचपून पाहिलं. पेटी ठीक होती. दुसऱ्या ओळीला सगळे म वर थांबले, तो सूर प वर थांबला. पुढे जिथं 'जी' येतो तिथं तर तो ध वर जायला निघाला आणि वाटेतच दमून किंचित खाली लोंबकळत राहिला. माईकमधून तो शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचत होता. मी माईककडे पाहिलं, आणि मग राहेलकाकूंच्या तोंडाकडे पाहिलं.

बावीस वर्षं! बावीस वर्षं ही बाई माझ्यापासून चार हातांवर उभी राहून दर ओळीला एक पायरी वर थांबत होती आणि मला, एस.टी.चे हॉर्न ओळखणाऱ्याला, एकदाही ऐकू आलं नव्हतं. येणार कसं? तालमीला असो की उपासनेला, तिचा रे पडायचा तेव्हा खाली गिटारमध्ये रे आधीच वाजत असायचा. सूर दोघांचा मिळून एकच व्हायचा आणि मी शिव्या गिटारला घालायचो.

लोक माना वळवायला लागले. काकूंच्या मागच्या दोन मुली पुस्तकाआड हसल्या. आता काकूंनाही काहीतरी जाणवलं. दुसऱ्या कडव्याला त्यांचा तो खणखणीत आवाज निम्म्यावर आला. अंधारात भिंत चाचपावी तशा त्या कधी वर कधी खाली सूर शोधत होत्या. तिसऱ्या कडव्याला त्यांनी तोंड मिटलं. पुस्तक तसंच धरलेलं, नजर पानावर, ओठ घट्ट. माईकमधून आता बाकीच्या बायकांचा आवाज येत होता, अगदी सुरात.

मी काकांकडे पाहिलं. वाजवताना त्यांचे डोळे उघडे असलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते बायकोकडे बघत होते, आणि हात दिलेल्या शब्दाप्रमाणे सी, एफ, जी वाजवत होता.

चौथं कडवं सुरू झालं. पहिल्या ओळीच्या शेवटी त्यांचं ते चौथं बोट सरकलं आणि तारेवर जाऊन बसलं. काकूंनी मान वर केली. पण गायल्या नाहीत. दुसऱ्या ओळीला पुन्हा नववा आला, जरा मोठ्याने. तिसऱ्या ओळीला 'जी'च्या जागी काकांचा हात टुणकन उडी मारून भलत्याच घरात गेला आणि तो लांबचा पाहुणा येऊन उभा राहिला. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. सेक्रेटरींनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आणि शेवटच्या ओळीला राहेलकाकू गायल्या. पूर्वीसारख्या, पोटापासून. कुणाची मान वळली नाही, कुणी हसलं नाही. पुढची तिन्ही गाणी काकांनी आपली नेहमीसारखीच वाजवली.

उपासना संपल्यावर बाहेर वडाखाली भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव सुरू झाला. काका चर्चच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी गिटार पिशवीत घालत होते. मला बघून म्हणाले, "शबूद मोडला बाळा. कीबोर्ड काढा. मी काय म्हननार न्हाई."

"काका, काकूंना माहीत आहे?"

"काय?"

"त्यांचा सूर..."

"हळू बोल!" ते केवढे तरी दचकले. इकडेतिकडे बघून टाकीच्या कठड्यावर बसले. "तिला ठावं न्हाई. लगीन झाल्यावर पहिल्याच रविवारी मला कळलं. घरी जाताना मला इचारती, कसं झालं माजं गानं? आता काय सांगू? आठवडाभर रविवारची वाट बघनारी पोरगी ती. म्हटलं, झ्याक झालं. दुसऱ्या दिवशी मेसच्या मास्तराला गाठलं. म्हटलं, वरती असा सूर लागला तर खाली काय वाजवायचं? त्यानं नववा दावला. तितनं सुरू झालं सगळं."

"आणि 'जी'च्या जागी पाहुणा?"

"आता वय झालं ना तिचं. आवाज बसाया लागला. जी आला की ती जराशी खाली उतरती. नववा बी पुरा पडंना. मग मीच शोधत बसलो, आन त्यो घावला. त्याच्यात तिचा उतरलेला सूर बरूबर बसतोय."

मी विचारलं, "पण माझ्या मुलीचा वाढदिवस? तिथं तर काकू गातही नव्हत्या."

"निस्तं चर्चमधीच वाकडं वाजवलं तर तिला संशय येईल की. सगळीकडंच वाजवाया लागतं." ते जरा हसले. "मग सवय झाली. आवडाया बी लागलं म्हन. पन खरं सांगू? साधा सी लई ग्वाड असतो रे. आज वाजवला तीन कडवी. लई वर्सांनी."

या माणसाची मी बावीस वर्षं टिंगल केली होती, आणि ती ऐकून हसणाऱ्यांत त्याची बायको सगळ्यात पुढे असायची. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात काकू आल्या. हातात पिशवी, लिलावात घेतलेला भोपळा. मी झापणी ऐकायच्या तयारीने उभा राहिलो. पण त्या नवऱ्याकडे बघितल्यासारखं करून माझ्याकडेच वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अरुण, पुढल्या रविवारपासनं मी मागच्या बाकावर बसते. गानाऱ्यात नगं."

"का हो काकू?"

"आज सूरच घावंना. तीन कडवी हुडकला. असं कवा झालं न्हाई माजं. पोरी हसत हुत्या, मला काय दिसत न्हाई व्हय? थकले आता मी." हे बोलताना त्या भोपळ्यावरची माती बोटाने खरवडत होत्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नेमके त्याच वेळी पाळकसाहेब आणि सेक्रेटरी मागून येऊन उभे राहिले, चौथ्या कडव्याचा जाब विचारायला. आणि मी मोठ्याने म्हणालो, "काकू, तुमचा सूर बरोबर होता. माझी पेटी उतरली होती."

बावीस वर्षांत हे वाक्य कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

"पेटी?" पाळकसाहेब म्हणाले.

"हो साहेब. पहिली तीन कडवी पेटी चुकीची वाजत होती. काकूंना सूर सापडणार कसा? काकांनी शेवटी सांभाळून घेतलं म्हणून गाणं पार पडलं."

"तरीच!" सेक्रेटरी म्हणाले. यांना भजन आणि भोंगा यातला फरक कळत नाही. "मला पहिल्या ओळीलाच पेटीचा संशय आला होता. मग प्रश्नच मिटला साहेब. गिटार राहू द्या. कीबोर्ड पेटीच्या जागी लावू."

पाळकसाहेबांनी मान हलवली. माझी पेटी त्याच आठवड्यात आतल्या खोलीत गेली, कीबोर्डच्या रिकाम्या खोक्याशेजारी. आता मी दर रविवारी बटण दाबतो.

काकूंच्या चेहऱ्यावर मात्र बघता बघता रंग परत आला. "तरी मी म्हनते, मी कशी चुकीन? एवढी वर्सं झाली!" त्यांनी भोपळा काखेत मारला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात माया होती. "वाईट वाटून घिऊ नगं पोरा. शिकशील हळूहळू. सूर ही देवाची देनगी हाय, ती काय सगळ्यांना मिळत न्हाई."

"हो काकू," मी म्हणालो.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आन तुमी! तीन कडवी किती ग्वाड वाजवलं. चौथ्याला काय झटका आला व्हता? बिशपसायबाच्या म्होरं बी घान करायची?"

"हात वळला," काका म्हणाले.

"वळला! मेला सरळ ऱ्हायलाय कवा?"

काकांनी एका खांद्याला गिटार अडकवली, काकूंच्या काखेतला भोपळा आपल्याकडे घेतला आणि दोघं फाटकाकडे निघाली. मी टाकीपाशीच उभा राहिलो. लिलावाच्या आरडाओरड्यातूनही काकूंचा आवाज मला रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. त्या नवऱ्याला साधं कसं वाजवायचं ते समजावून सांगत होत्या आणि काका एकेका शब्दाला मान हलवत होते.